धुऱ्यावरचं वैर अन् पाच किलो तूर

आज एक छोटा हिशेब मांडू. कागद-पेन्सिल जवळ नसली तरी चालेल, तुमचा बोटांवरचा हिशेब लिहिणाऱ्यापेक्षा पक्का असतो. धुऱ्याला लागून असलेल्या शेजाऱ्यानं यंदाच्या पेरणीत तिफणीचं एक तास तुमच्या बाजूला सरकवलं असं धरा. रुंदी दीड फूट, धुऱ्याची लांबी तीनशे फूट. झाले ४५० चौरस फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तेव्हा गेली किती जमीन, तर एकराचा शंभरावा हिस्सा. एकरी पाच क्विंटल तूर होते असं समजलं, तर नुकसान पाच किलो तुरीचं.

आता वहीचं दुसरं पान उघडा. तहसीलच्या चकरा. वकिलाची फी. साक्षीदाराचं एस.टी.चं तिकीट अन् त्याचा चहा-चिवडा. तारीख पडली की बुडालेली डवरणी. गावातल्या गावात शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून बैलबंडी लांबच्या पांदणीनं नेण्याचा रोजचा वळसा. अन् ज्याचा आकडा मांडताच येत नाही, ती रात्रीची झोप. दोन्ही पानांची बेरीज करून पाहा, मग पुढचं वाचा.

पण थांबा. तुम्ही म्हणाल, लिहिणाऱ्याचं काय जाते? दरवर्षी एक तास असं दहा वर्षं सरकत गेलं तर पंधरा फूट होतात, म्हणजे चार गुंठ्यांच्या वर. बरोबर आहे तुमचं. म्हणूनच ‘जाऊ द्या, सोडून द्या’ असा उपदेश करायला मी इथं बसलेलो नाही. कास्तकाराला जमीन सोड म्हणणं सोपं, सोडणं कठीण, अन् प्रत्येक वेळी सोडावीच असंही नाही. सांगायचं ते वेगळंच आहे.

घरचीच गोष्ट

परक्याचं कशाला, आमच्याच घरचं सांगतो. काटोल तालुक्यात आमचं वावर. आजोबांनी हयातीतच दोघा भावांत वाटणी करून सातबारे वेगळे केले होते. पण हद्दीचे दगड कधीचेच मातीत गेले. मधोमध धुरा, धुऱ्यावर बोरीचं झाड, अन् विहीर सामाईक. मोठेबाबा वरच्या अंगाला, आमचे बाबा खालच्या.

१९८१ च्या खरिपात मोठेबाबांच्या सालदारानं तिफण धुऱ्याला घासून नेली. मुद्दाम नेली की बैल ओढीनं गेले, हे आजपर्यंत कोणालाच ठाऊक नाही. बाबांनी सालदाराला टोकलं. सालदारानं तिखटमीठ लावून वर सांगितलं. संध्याकाळी ओट्यावर दोघा भावांची अशी जुंपली की आजी पदर तोंडात धरून रडत बसली. दोघांनीही जुनं जुनं उकरून काढलं. कोणाच्या लग्नात किती खर्च झाला इथपर्यंत. धुरा तर बाजूलाच राहिला.

त्यानंतर तेरा वर्षं बोलचाल बंद.

विहिरीच्या पाळीवरून रोज खटके उडू लागले, तेव्हा बाबांनी कर्ज काढून स्वतःची विहीर खोदली. जुन्या विहिरीपासून शंभर पावलांवर. झरा एकच होता, तो दोघांत वाटला गेला. पूर्वी एक विहीर वैशाखापर्यंत पुरायची, आता दोन्ही विहिरी चैत्रातच तळ दाखवू लागल्या. कर्जात पैसा संपला म्हणून नव्या विहिरीला कठडा बांधायचा राहून गेला. पुढं कामी येणार आहे म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा.

माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मोठेबाबांकडं दुसऱ्याच्या हातून गेली. ते आले नाहीत. अंतरपाट धरला तरी बाबांची नजर मांडवाच्या तोंडाकडं. बायांचं मात्र वेगळंच चाललं होतं. माझी आई अन् मोठी आई मागच्या भिंतीवरून लोणच्याची बरणी, कुरड्या, लेकरांचे जुने कपडे यांची देवाणघेवाण करत होत्या. तेरा वर्षं. दोघाही भावांना ठाऊक होतं अन् दोघंही ठाऊक नसल्यासारखे वागत. आपल्या गावांत वैर पुरुषांच्या नावावर असतं, पण संबंध टिकवून ठेवण्याचं काम बाया करतात. त्याची नोंद कोणत्याही समितीच्या वहीत होत नाही.

१९९४ च्या आषाढात झड लागली होती. आमचा डावा बैल निसटून त्या बिनकठड्याच्या विहिरीत पडला. ओरडा झाला, माणसं धावली. विहिरीतून बैल काढणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. दहा-बारा माणसं लागतात अन् जाड दोर लागतो. आमच्याकडं दोर नव्हता. मोटेचा जुना नाडा होता तो मोठेबाबांच्या घरी. मागायला कोण जाणार, असा विचार चालू असतानाच ते खांद्यावर नाडा टाकून पावसात समोर उभे. बाबांकडं पाहिलं नाही. आम्हा पोरांनाच म्हणाले, “पोटाखालून बारदाना घाला. गळ्याले दोर नोका लावू, फास बसंल.”

दोन तासांनी बैल वर आला. थरथरत होता. मोठेबाबांनीच कोरड्या पोत्यानं त्याला पुसलं. जायला वळले तसे बाबा म्हणाले, “दादा, च्या घेऊन जा.” तेरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. मोठेबाबा थोडा वेळ उभे राहिले, अन् म्हणाले, “साखर टाकू नोको सांग.”

त्यांना मधुमेह होऊन चार वर्षं झाली होती. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रात्री बाबा आईला म्हणत होते, “भावाले साखर झाली अन् मले ठाऊक नाही.” धुऱ्याबद्दल त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिलीही नाही. पुढच्या पेरणीत बाबांनी आपल्या बाजूनं एक तास सोडून तिफण धरली. पाहतो तर मोठेबाबांनीही वरच्या बाजूनं एक तास सोडलेलं. तीन फुटांचा धुरा झाला. त्यावर गवत मातलं ते दोन्ही घरच्या जनावरांना कापून घातलं.

बाबा उतारवयात नेहमी एकच सांगत. त्या तेरा वर्षांत त्यांना पहाटे तीनला जाग यायची अन् मनात भांडण चालू व्हायचं. आपण काय बोललो, काय बोलायला हवं होतं, हेच. बैल पडला त्या रात्रीपासून ती जाग गेली. “धुरा गेला त गेला, झोप आली न,” असं म्हणायचे.

झोप कोणाची जाते?

बाबांचा अनुभव एकट्याचा नव्हे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली काही माणसांच्या आयुष्याचा अभ्यास सुरू झाला. बोस्टन शहरातल्या गरीब वस्तीतली मुलंही त्यात जोडली गेली. अशा सुमारे सातशे जणांचा तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पाठपुरावा झाला, अन् आता त्यांच्या मुलांचाही होतो आहे. पैसा, नाव, हुद्दा यांच्यापेक्षा घरच्या-शेजारच्या माणसांशी असलेले संबंध ज्यांचे चांगले, ती माणसं जास्त सुखी राहिली अन् प्रकृतीनंही धड राहिली, असं त्यातून निघालं. आपल्या आजीला हे ठाऊक होतंच, पण शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या वर वर्षं घालवून सांगितलं तर ऐकायला हरकत नाही.

दुसरं एक काम अलीकडचं. एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. १९९५ सालच्या अखेरीस त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोरानं खून केला. क्षमा या विषयावर ते आधीपासूनच काम करत होते. आता ते स्वतःवरच येऊन पडलं. त्यांच्या पद्धतीवर एक छोटी अभ्यासवही तयार झाली. ज्याचा राग धरला आहे त्याच्याबद्दल घरी बसून दोन-तीन तास ती भरायची, एवढंच. कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका अन् युक्रेन इथल्या साडेचार हजारांवर लोकांवर ती तपासली गेली. ज्यांनी वही भरली त्यांच्या मनातली अढी कमी झाली, उदासी अन् धास्तीही कमी झाली.

यात समजून घेण्यासारखी बाब अशी. ज्याच्यावर राग धरला तो माणूस तिथं हजरही नव्हता. त्याला पत्ताही नव्हता. फायदा झाला तो राग सोडणाऱ्याचा. म्हणजे क्षमा हे शेजाऱ्यावरचं उपकार-खातं नव्हे. पहाटे तीनला जाग येणारा माणूस तुम्ही असता, तो नव्हे. तो घोरत असतो.

एकदा फटका, मग हात पुढं

आता सहकार्याकडं येऊ. सावड तुम्हाला सांगायला नको. आज माझ्या वावरात, उद्या तुझ्या. कुठं तिला सावड म्हणतात, तर सगळ्या गावानं एका दिवसात एकाचं वावर नांगरून दिलं अन् त्यानं जेवण घातलं तर इर्जिक. प्रश्न असा, की शेजारी आज बैल घेऊन गेला अन् उद्या द्यायला आला नाही, तर काय करायचं?

रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९८० च्या सुमारास नेमका हाच प्रश्न संगणकाला घातला. त्यानं जाणकारांकडून संगणकाचे कार्यक्रम मागवले अन् त्यांची आपसात झुंज लावली. दर खेपेला दोनच पर्याय, सोबत द्यायची किंवा दगा द्यायचा. मोठमोठे डावपेच आले. जिंकला तो सगळ्यांत साधा. पहिल्यांदा आपण होऊन सोबत द्यायची. समोरच्यानं दगा दिला तर पुढच्या खेपेला आपणही द्यायचा. तो वळणावर आला की लगेच मागचं विसरून पुन्हा सोबत. दुसऱ्या फेरीत बासष्ट कार्यक्रम आले, तरी हाच जिंकला. साधा सरळ कास्तकार असाच वागतो की नाही, सांगा.

पण यात एक खोट आहे, अन् आपल्या गावांचं सगळं दुखणं त्या खोटीत आहे. समजा शेजाऱ्याची गाय चुकून तुमच्या पऱ्हाटीत शिरली. तुम्हाला वाटलं, मुद्दाम सोडली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आपली जनावरं त्याच्या हरभऱ्याकडं हाकलली. त्याला तर आपली गाय गेली हेच ठाऊक नाही. त्यानं मग तुमच्या विहिरीचा पाइप कापला. आता दोघंही मनापासून म्हणतात, सुरुवात त्यानं केली. दोघंही खरं बोलतात. चूक एकदाच झाली, अन् तिचा टोला दहा वर्षं इकडून तिकडं चालतो. पुढच्या संशोधकांनी १९९२ च्या सुमारास दाखवलं की जिथं अशा चुका, गैरसमज होत राहतात तिथं काटेकोर ‘जशास तसे’ मागं पडतं. साधारण तीनातला एक दगा सोडून देणारा, हातचं थोडं राखून क्षमा करणारा डावच शेवटी टिकतो.

सगळेच दगे सोडून देणारा मात्र नागवला जातो, हेही त्यातच निघालं. गाव भोळ्या माणसाला कसं वापरून घेतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

२००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी जगभरच्या सामाईक पाण्याचा, कुरणांचा, जंगलांचा अभ्यास केला. शेकडो वर्षं टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना एक खूण दिसली. नियम मोडला तर पहिली शिक्षा अगदी हलकी असते, पुढं पुढं ती वाढत जाते. पहिल्याच चुकीला माणूस तोडायचा नाही. आपला कोंडवाडा आठवा. गाय शिरली, तर कोंडवाड्यात घाला, दंड भरा, गाय सोडवून न्या. विषय संपला. रागाला एक ठरलेली किंमत होती अन् ती भरली की हिशेब मिटत होता. कितीतरी गावांत आता कोंडवाड्याच्या भिंती पडल्या. दंडाची जागा काठीनं घेतली.

जिथं कोणी हरून घरी जात नाही

नागपूर विभागातलंच उदाहरण घ्या. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. देवाजी तोफा यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्याची बातमी देशभर झाली. पण मला त्या बातमीपेक्षा तिथली बैठक महत्त्वाची वाटते. मेंढ्याची ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढं चालू राहते. पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं.

तुम्ही म्हणाल, असं केलं तर आमच्या गावात नालीही बांधून होणार नाही. खरं आहे, वेळ लागतो. पण बहुमतानं एकावन्न जण जिंकतात तेव्हा एकोणपन्नास जण हरून घरी जातात, अन् हरलेला माणूस ठराव पाळत नाही, संधी पाहत बसतो. मेंढ्यात हरलेला कोणी नसतो. त्याच गावानं पुढं २०१३ साली जमिनी ग्रामदानात दिल्या. एकमेकांवर विश्वास नसलेल्या गावात हे होणं शक्य नाही.

तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेचा एवढा आग्रह का धरला, हेही या अंगानं पाहा. यावलीत जन्मलेल्या अन् मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या या माणसानं १९४२ मध्ये तुरुंगवास भोगला, अन् बाहेर आल्यावर ग्रामगीतेत गावच मांडलं. प्रार्थनेला रोज एका सतरंजीवर बसलेल्या दोन माणसांना धुऱ्यावरून काठ्या उगारणं जड जातं. भक्तीचा भाग ज्याचा त्याचा, पण रोज एकत्र बसण्याचा फायदा उघड आहे. आज गावात लोक एकत्र बसतात ते मयतीला किंवा निवडणुकीला.

तंटामुक्तीची पाटी

आता सरपंच, पोलीस पाटील अन् तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांशी थोडं बोलायचं आहे.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. त्या वेळी गृहखातं आर. आर. पाटील यांच्याकडं होतं. ग्रामसभेनं समिती नेमायची, गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे नोंदवायचे, सामोपचारानं मिटवायचे, नवे होऊ द्यायचे नाहीत अन् गाव तंटामुक्त झालं की लोकसंख्येप्रमाणं बक्षीस, असा तो बेत. कल्पना उत्तम होती. अनेक गावांत वर्षानुवर्षांचे तंटे खरोखर मिटले. वेशीवर पाट्या लागल्या. काही गावांत मात्र तंटे फक्त नोंदवहीत मिटले, हे आपण सगळे जाणतो. मूल्यमापनाचे दिवस जवळ आले की पक्षकारांना बोलावून ‘सही करा, गावाच्या बक्षिसाचा प्रश्न आहे’ म्हणायचं. सही झाली, अढी कायम.

अन् एक चूक याहून मोठी. नवरा दारू पिऊन मारतो म्हणून बाई समितीपुढं आली, तर तिला ‘सांभाळून घे, लेकरांकडं पाहा’ म्हणून परत पाठवणं ही तडजोड नव्हे. दलित कुटुंबावर अत्याचार झाला अन् त्याला ‘गावचा मामला’ म्हणून दाबलं, तर ते तंटामुक्ती नव्हे. त्यासाठी कायदे आहेत, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. तिथं समितीचं काम त्या माणसाला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करण्याचं. क्षमा ज्याची त्यानं द्यायची असते. चार लोकांनी मिळून कमजोर माणसाकडून ती वसूल करायची नसते.

उरलेल्या तंट्यांत, म्हणजे धुरा, पांदण, विहीर, पाळी, नाली यांत मात्र समितीला पुष्कळ करता येतं. माझ्या पाहण्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. बैठक पंचायतीच्या खोलीत घेऊ नका, धुऱ्यावर जाऊन घ्या. खुर्चीवर बसलेला माणूस वाकत नाही, ढेकळांत उभा असलेला वाकतो. वेळ चैत्र-वैशाखाची धरा, वावर मोकळं असतं, धुरा डोळ्यांना दिसतो, मोजणीही नीट होते. निवडणुकीच्या वर्षात हात लावू नका. अन् दोन्ही घरच्या बायांना बोलवा. त्यांचं मागच्या भिंतीवरून आधीच बोलणं चालू असतं.

मन मोकळं, कागद पक्का

आमच्या घरची गोष्ट अर्धीच सांगितली होती. उरलेली आता ऐका.

मोठेबाबा गेले, काही वर्षांनी बाबाही गेले. तीन फुटांचा धुरा हळूहळू पुन्हा बारीक झाला. २०११ मध्ये मी अन् माझा चुलतभाऊ त्याच जागेवर, त्याच बोरीखाली, तेच शब्द बोलत उभे होतो. बापांनी एकमेकांना क्षमा केली होती, पण दगड कोणीच बसवले नव्हते. त्यांच्या मनातला समेट त्यांच्यासोबत गेला. पोरांच्या हाती लागला तो वाद.

सुदैवानं चुलतभावाला बैलाची गोष्ट आठवत होती, नाड्याचं एक टोक त्याच्याही हातात होतं. दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, फी अर्धी-अर्धी भरली. ही युक्ती ध्यानात ठेवा. एकट्यानं मोजणी आणली की ती दुसऱ्याला चढाई वाटते, दोघांनी आणली की मोजणीदार पाहुणा होतो. दगड बसले. निघालं ते भलतंच. बोरीचं झाड चार फूट चुलतभावाच्या हद्दीत. म्हणजे १९८१ मध्ये सालदाराची तिफण आमच्या वावरात आलीच नव्हती. बाबांची तेरा वर्षं ज्या तासावरून गेली, ते तास त्यांचं नव्हतंच. त्यांना हे कळलं नाही, बरं झालं म्हणावं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा मन मोकळं झालं की त्याच आठवड्यात कागद करा. आता त्यासाठी सोयीही आहेत. तुमच्या नावची जमीन शेजारी कसतो अन् त्याच्या नावची तुम्ही, असा घोळ कितीतरी गावांत आहे. जुन्या मोजणीत, जुन्या अदलाबदलीत झालेला. त्यासाठी शासनानं जानेवारी २०२३ मध्ये ‘सलोखा’ योजना आणली. एरवी अदलाबदलीच्या दस्ताला बाजारभावाप्रमाणं मुद्रांक शुल्क लागतं, अन् त्या खर्चाच्या भीतीनंच लोक दस्त करत नाहीत. सलोख्यात मुद्रांक शुल्क एक हजार अन् नोंदणी फी एक हजार. अट अशी की असा उलटा ताबा किमान बारा वर्षांचा असावा, जमीन शेतीची असावी अन् दोघांचीही संमती असावी. तलाठ्याकडं अर्ज दिला की जागेवर पंचनामा होतो अन् त्याचं प्रमाणपत्र दस्ताला जोडायचं असतं. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलं आहे, पण अर्ज त्याच माणसाकडं द्यायचा. योजनेला पुढं मुदतवाढही मिळाली. सध्याची मुदत तहसीलमधून विचारून घ्या.

वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल अन् धुऱ्यावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्हींत आधी शेजाऱ्याशी बोलून गेलात तर काम निम्मं होतं. दिवाणी दावा कोर्टात पडूनच असेल तर लोकअदालतीत ठेवा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही अन् भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही, ही गोष्ट काहींना धोक्याची वाटते. मला तर तोच त्याचा सगळ्यांत मोठा गुण वाटतो. कारण दोघांच्या सह्या झाल्या की पहाटे तीनला मनात चालवायचा खटलाच उरत नाही.

आमच्याकडं सध्या काय चाललं आहे ते सांगून थांबतो. जुनी सामाईक विहीर दोघांनी मिळून गाळ काढून खोल केली. बाबांनी खोदलेली दुसरी विहीर बुजवली नाही, नाल्याचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडतो, म्हणजे झऱ्याला मिळतं. तिला आता कठडाही आहे. पाळीचा कागद करून दोन्ही घरांत भिंतीवर चिकटवला आहे. तरी मागच्या उन्हाळ्यात संत्र्याला पाणी देताना माझ्याकडून दोन तास जास्त मोटार चालली, अन् चुलतभावाचा फोन आला. आवाज चढलेला होता. मी म्हटलं, चूक झाली, उद्याची माझी पाळी तू घे. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “राहू दे. अर्धीच घेतो.”

बोरीचं झाड त्याच्या हद्दीत आहे. पौषात त्याची बायको टोपलं भरून बोरं पाठवते. मागच्या भिंतीवरूनच.